प्राचार्यांनी ६८ लिहून दिले, ते बदलता येतात का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं बोलणं नीट लागेल. तुझी बहीण नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात एका ज्युनिअर कॉलेजात बारावी सायन्सला आहे, दहावी मराठी माध्यमातून ७१ टक्के, अकरावीला ५६, बारावीच्या पहिल्या सत्रात ६६ आणि आता जानेवारीतल्या प्रिलिमला ७९. एका खासगी विद्यापीठात पूर्ण स्कॉलरशिपसाठी तिनं फॉर्म भरलाय, त्यात बारावीला किती मार्क अपेक्षित आहेत ते कॉलेजनं सही-शिक्क्यानं लिहून द्यायचं असतं आणि प्राचार्यांनी नोव्हेंबरातच ६८ लिहून दिले. तू भेटायला गेला तर म्हणाले, "आपल्या कॉलेजात सायन्सला ७५ च्या वर कोणी जात नाही, मी खोटं कसं लिहू?" आणि तिच्यासोबत फॉर्म भरणाऱ्या नागपूरच्या एका मुलीला तिच्या शाळेनं ९४ लिहून दिले. तू स्वतः २०२१ च्या बारावीचा, कोरोनात परीक्षा रद्द होऊन फॉर्म्युल्यानं ६४ वर अडकलेला, एरवी ७५ पडले असते असं म्हणणारा, म्हणून शेवटी विचारतोस की मॅडम, आपल्यासारख्यांसाठी अंदाजाचे मार्क बरे की परीक्षा.

पहिले कामाचं सांगते. हो, बदलता येतात. ते पत्र बोर्डाचं नाही, कॉलेजचा स्वतःचा अंदाज आहे, आणि पत्र दिल्यानंतर प्रिलिमसारखी मोठी परीक्षा झाली असेल तर सुधारित पत्र मागणं अगदी रास्त आहे. कसं मागायचं ते खाली सविस्तर लिहिते. पण त्याआधी ६८ आले कुठून हे तुला समजलं पाहिजे, नाहीतर तू सरांशी भांडायला जाशील आणि काम बिघडेल.

मी २६ वर्षं फिजिक्स शिकवून राहिली आहे, पहिली ११ वर्षं उमरेडकडच्या एका ग्रामीण कॉलेजात आणि नंतर नागपुरात. असे अंदाजाचे आकडे मी स्वतः शेकड्यानं लिहिलेत. शिक्षक हा आकडा कसा काढतो सांगू का, समोर तीन गोष्टी असतात, पोराची दहावी, त्याची अकरावी आणि आपल्या कॉलेजात आजपर्यंत काय झालं. तिसरी गोष्ट आपण कागदावर लिहित नाही पण ती सगळ्यात जड असते. दरवर्षी पहिला येणारा ७२-७३ वर थांबत असेल तर हात ७५ च्या वर जातच नाही, समोरची मुलगी कितीही हुशार असो. तुझ्या बहिणीच्या प्राचार्यांच्या मनात वाईट काही नाही असंच मी धरून चालते, ते प्रामाणिकपणे घाबरतात की जास्त लिहिलं आणि आले नाहीत तर कॉलेजचं नाव जाईल. पण त्या प्रामाणिकपणात तिच्या आधीच्या दहा बॅचचे मार्क तिच्या पत्रात शिरले, तिचे स्वतःचे मार्क मागे राहिले.

उमरेडकडे असतानाची एक मुलगी मला अजून आठवते. गाव आतलं, एसटी सकाळी एकच, ती लेट झाली की पहिला पिरियड गेला आणि आमच्याकडे युनिट टेस्ट नेमक्या पहिल्या पिरियडला व्हायच्या. म्हणजे रेकॉर्डवर तिच्या दोन टेस्ट कोऱ्या, तिसरीत अर्धा पेपर. एका स्कॉलरशिपसाठी मी तिची शिफारस केली त्यात "मध्यम" असं लिहिलं, कारण माझ्या वहीत ती मध्यमच दिसत होती. तिला ती स्कॉलरशिप मिळाली नाही. बोर्डात तिला फिजिक्सला मी शिकवलेल्या त्या वर्षीच्या सगळ्या पोरांत जास्त मार्क होते. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, अंदाज लिहायच्या आधी वहीतल्या कोऱ्या जागा पाहायच्या आणि विचारायचं की ही जागा कोरी काहून आहे. बहुतेक वेळा उत्तर एसटी, शेतातलं काम, आईचं आजारपण किंवा फी न भरल्यानं टेस्टला न बसणं असं असतं. अभ्यास येत नव्हता म्हणून कोरी राहिलेली जागा फार कमी सापडते.

आता दुसरी गोष्ट, जी शहरातल्या लोकांना सांगूनही लवकर पटत नाही. आपल्याकडच्या पोरांचा ग्राफ उशिरा चढतो. मराठी माध्यमातून दहावी करून पोरगी अकरावी सायन्सला आली की सगळं इंग्रजीत, "विस्थापन" येत असतं पण "डिस्प्लेसमेंट" म्हटलं की गाडी अडते, पहिले सहा महिने ती विषय शिकत नसते, भाषा शिकत असते. म्हणून अकरावीत मार्क धाडकन पडतात, तुझ्या बहिणीचे ७१ वरून ५६ झाले ते याच्यामुळेच असं मी न पाहता सांगू शकते. मग बारावीच्या दिवाळीनंतर कुठेतरी डोक्यात बसायला लागतं आणि डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या तीन महिन्यांत पोरं जेवढं चढतात तेवढं आधीच्या दीड वर्षात चढत नाहीत. उलट शहरातल्या ज्या मुलीचं कोचिंग दहावीच्या सुट्टीतच सुरू झालं तिचा सिलॅबस बारावीच्या सप्टेंबरात संपलेला असतो, तिची नोव्हेंबरातली टेस्ट म्हणजे जवळपास तिची फायनल तयारी. नोव्हेंबरात दोघींचा फोटो काढला तर एक डोंगराच्या माथ्यावर दिसणार आणि दुसरी पायथ्याशी, आणि अंदाज म्हणजे हा नोव्हेंबरातला फोटोच ना. ५६, ६६, ७९ ही रांग बघ. यात ६८ हा आकडा बसतो का? सरासरी काढली तर बसतो, चढ पाहिला तर अजिबात बसत नाही.

हे फक्त आपल्याच इकडे होतं असं समजू नको. इंग्लंडमध्ये तर अख्खी ॲडमिशनची पद्धतच अंदाजावर उभी आहे. तिकडे पोरं निकालानंतर ॲडमिशन घेत नाहीत, निकाल ऑगस्टमध्ये लागतो आणि विद्यापीठाचे फॉर्म त्याच्या कितीतरी महिने आधी भरून होतात, ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी तर आदल्या ऑक्टोबरच्या १५ तारखेपर्यंतच. मग शिक्षक प्रत्येक विषयाची अपेक्षित ग्रेड लिहून देतात, विद्यापीठ त्यावर सशर्त जागा देतं की एवढ्या ग्रेड आणा आणि सीट तुमची. २०१६ मध्ये गिल वायनेस नावाच्या लंडनच्या संशोधिकेनं हे अंदाज तपासले तर फक्त १६ टक्के मुलांचे अंदाज बरोबर निघाले, साधारण तीन चतुर्थांश मुलांना जास्त लिहून दिलेलं होतं. यावर कोणी म्हणेल की मग बरंच आहे, सगळ्यांना फायदा. पण त्यातच पुढे असं दिसलं की गरीब घरातली जी पोरं खरोखर हुशार होती, त्यांना तेवढ्याच हुशार श्रीमंत पोरांपेक्षा कमी लिहून दिलेलं होतं. आणि कमी लिहून दिलं की नुकसान नकार येण्याआधीच होतं, पोरगं चांगल्या विद्यापीठाचा फॉर्मच भरत नाही, कारण त्याच्या शिक्षकानंच त्याला सांगितलेलं असतं की तुझी मजल इथपर्यंत. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं विचार केला की निकालानंतर ॲडमिशन अशी पद्धत आणायची का, लोकांची मतं मागवली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तो विचार सोडून दिला.

पण तुझ्या प्राचार्यांचं ७५ वालं वाक्य वाचलं तेव्हा मला २०२० चीच आठवण झाली. त्या वर्षी कोरोनामुळे इंग्लंडात ए-लेव्हल, म्हणजे त्यांची बारावी धर, रद्द झाली. शिक्षकांनी प्रत्येक पोराची ग्रेड लिहून द्यायची आणि वर्गात पहिला कोण, दुसरा कोण असा क्रमही लावायचा असं ठरलं. मग तिथल्या परीक्षा नियंत्रक संस्थेनं, ऑफक्वॉल नाव तिचं, एक कॉम्प्युटरचं सूत्र लावलं. त्या शाळेचे मागच्या तीन वर्षांत जसे निकाल लागले तसेच यंदा लागणार असं गृहीत धरून शिक्षकांच्या ग्रेड वरखाली केल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला आणि जवळपास ३९ टक्के ग्रेड शिक्षकांनी दिल्या होत्या त्याच्यापेक्षा खाली गेल्या. म्हणजे तुझ्या शाळेत आजपर्यंत कोणाला टॉप ग्रेड मिळाली नसेल तर तुलाही मिळणं जवळपास अशक्य. त्यात अजून एक गोष्ट, एखाद्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी पोरं असतील तर सूत्र न लावता शिक्षकाचीच ग्रेड कायम ठेवली, कारण एवढ्या कमी आकड्यांवर गणित चालत नाही. आता पाच-पाच पोरांचे वर्ग कुठे असतात? महागड्या खासगी शाळांत. तिथे वरच्या दोन ग्रेड मिळवणाऱ्यांचं प्रमाण ४.७ पॉइंटनं वाढलं, साध्या सरकारी शाळांत २ पॉइंटनं. पोरं रस्त्यावर आली, चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारनं माघार घेतली आणि शिक्षकांच्या ग्रेड ग्राह्य धरल्या. स्कॉटलंडमध्ये त्याच्या आधीच्या आठवड्यात हेच घडून गेलं होतं, तिथे सगळ्यात गरीब वस्त्यांतल्या पोरांचं हायरला, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेला, पास होण्याचं प्रमाण शिक्षकांच्या अंदाजापेक्षा १५.२ पॉइंटनं खाली ओढलं गेलं आणि सगळ्यात सधन वस्त्यांत ६.९ नं. हे पाहून आयर्लंडनं शहाणपणा केला, त्यांचा निकाल सप्टेंबरात लागायचा होता, त्यांनी त्याआधीच सूत्रातून शाळेचा जुना इतिहास काढून टाकला.

तर इंग्लंडमध्ये कॉम्प्युटरनं केलं तेच कुहीमध्ये एका माणसाच्या मनानं केलं. शाळेचा भूतकाळ पोरीच्या नावावर चढवला.

आता तुझ्या २०२१ बद्दल बोलते कारण ते तुझ्या मनात अजून ठसठसतंय आणि ते साहजिक आहे. तुमच्या बॅचला लोक अजूनही "कोरोनाची बॅच, फुकट पास" म्हणतात ते ऐकलं की मला त्रास होतो, कारण त्या सूत्रात तुमच्यावर काय काय एकावर एक येऊन पडलं हे कोणी नीट मांडलंच नाही. जूनच्या सुरुवातीला परीक्षा रद्द झाली, मग ठरलं की दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत परीक्षांचे ४० टक्के. दहावीचे म्हणजे सगळ्यात चांगल्या तीन विषयांची सरासरी. ऐकायला किती न्याय्य वाटतं ना. आता एकेक बघ.

तुमची दहावी २०१९ ची. आठवतं ना, त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत मार्क काढून टाकले होते आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून एकदम ७७.१० वर आला होता. पुढच्याच वर्षी ते मार्क परत सुरू केले. म्हणजे मधली एकच बॅच सापडली आणि ती तुमची. सीबीएसईच्या पोरांना दहावीत हा फटका बसलाच नव्हता. मग तुमची अकरावी, २०१९-२० ची. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि दुसऱ्या सत्राची परीक्षाच झाली नाही, पहिल्या सत्रावर सगळ्यांना वर ढकललं. म्हणजे तुझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या पोराचा सगळ्यात वाईट काळ, ते भाषा शिकायचे पहिले सहा महिने, तेवढेच फक्त रेकॉर्डवर राहिले आणि सावरल्यानंतरची परीक्षा झालीच नाही. आणि बारावी तर पूर्ण मोबाईलवर. मी तेव्हा आमच्या कॉलेजच्या निकालाच्या कामात होते, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून मार्क भरलेत आम्ही. गूगल फॉर्मवर घेतलेली टेस्ट, ३८ पोरं बसली, बाकीच्यांकडे एक तर फोन नाही नाहीतर घरात एकच फोन आणि तो वडिलांसोबत कामावर गेलेला. त्या बाकीच्यांच्या नावापुढे काय लिहायचं? आम्ही फोन करून करून पोरांना गाठलं, काहींना घरून उत्तरं लिहून फोटो पाठवायला सांगितले, एक पोरगा तर गावातल्या पाण्याच्या टाकीवर चढून फोटो पाठवायचा कारण रेंज तिथेच. जिथे शिक्षकांनी एवढं केलं तिथे पोरांना बरे मार्क पडले आणि जिथे कोणी केलं नाही तिथे कोऱ्या जागेला कमीत कमी मार्क पडले, पोरगं तेच, हुशारी तीच.

तुझे ६४ असे झाले आहेत. तू ७५ चा होतास हे मी मान्य करते, मला तुझी मार्कशीट पाहायची गरज नाही.

पण दुसरी बाजूही मी सांगणार, कारण मी ती डोळ्यांनी पाहिली. त्या वर्षी बारावीचा निकाल ९९.६३ टक्के लागला, आदल्या वर्षी ९०.६६ होता. या मधल्या पोरांमध्ये कितीतरी मुली अशा होत्या ज्या एरवी इंग्रजीत दोन-चार मार्कांनी गेल्या असत्या आणि नापास झाली म्हणून त्याच उन्हाळ्यात त्यांचं लग्न लागलं असतं. माझ्या माहितीतल्या दोघी त्या निकालावर नर्सिंगला गेल्या आणि आज नोकरी करून राहिल्या. म्हणून अंदाजाचे मार्क सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. काठावरच्या पोरांना त्यांनी वर काढलं आणि वरच्या गरीब पोरांना खाली ओढलं, माझा अनुभव असा आहे. इंग्लंडच्या त्या अभ्यासातही नुकसान हुशार गरीब पोरांचंच निघालं हे लक्षात घे.

त्याच वर्षी अकरावीच्या ॲडमिशनसाठी सरकारनं एक ऐच्छिक सीईटी घ्यायचं ठरवलं होतं, दहावीचे मार्क सगळ्यांनाच भरभरून पडलेत तर निदान एका पेपरवर तरी क्रम लावू म्हणून, ९५७ पोरांना शंभर टक्के होते. ती २१ ऑगस्टला होणार होती आणि १० तारखेला मुंबई हायकोर्टानं रद्द केली, पेपर स्टेट बोर्डाच्या सिलॅबसवर होता म्हणून दुसऱ्या बोर्डाच्या पोरांवर अन्याय होतो असा मुद्दा होता. तो मुद्दा मला समजतो. पण त्या आठवड्यात माझ्याकडे येणारी चार-पाच पोरं रडली, कारण त्यांचा भरवसा त्या एका पेपरवर होता, शाळेनं दिलेल्या मार्कांवर नव्हता.

तर तुझा मोठा प्रश्न, अंदाज की परीक्षा. माझं मत तुला सरळ सांगते, ज्या पोराला कोणी ओळखत नाही त्याच्यासाठी बोर्डाचा पेपर बरा. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, ती तपासणाऱ्याला माहीत नसतं की ही पोरगी कुहीची की नागपुरातल्या सधन धरमपेठची, आडनाव काय, बाप काय करतो, कॉलेजात आजपर्यंत कोणाला किती पडले. तिथे कोऱ्या जागेला शून्य आणि बरोबर उत्तराला मार्क, एवढाच हिशोब. आडनावावरून माणूस जोखायची सवय आपल्या समाजात किती आहे हे मी तुला सांगायला नको, शिक्षकही याच समाजातून येतात. पण परीक्षेतही एकच दिवस असतो, त्या दिवशी ताप असला, एसटीचा संप असला, घरात मयत झाली तर वर्ष जातं, आणि नीट-जेईईसारख्या परीक्षा तर कोचिंगच्या फीवर जिंकल्या जातात हे नागपुरात राहून कोणाला माहीत नाही. म्हणून मी असं म्हणते की अंदाज फक्त संधी द्यायला वापरावा, कोणाला बाहेर काढायला वापरू नये. म्हणजे अंदाज ९० असेल तर इंटरव्ह्यूला बोलवा, आणि ६८ असेल तरीही लेखी टेस्ट तरी द्यायला द्या, आणि अंतिम निर्णय खऱ्या निकालावर करा. आणि अंदाजासोबत पोरगी कुठून आली ते बघा. हे काही नवीन नाही, जेएनयूत मागास जिल्ह्यांतल्या पोरांना आणि मुलींना जादा गुण द्यायची पद्धत होती, तामिळनाडूनं २०२० मध्ये सरकारी शाळांत शिकलेल्या पोरांसाठी मेडिकलच्या ७.५ टक्के जागा वेगळ्या काढल्या. आपल्याकडे मेडिकलला विदर्भाच्या पोरांसाठी ७०:३० चा कोटा होता, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्याच पोरांना, तो त्याच वर्षी गेला, गुणवत्तेच्या नावानं गेला, मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आता कामाचं. सोमवारी कॉलेजात जा, बहिणीला सोबत घेऊन, एकटा जाऊ नको, कारण तिचं काम आहे आणि सरांनी तिच्याकडे पाहून बोललं पाहिजे. सोबत एक फाईल ने. त्यात अकरावीची मार्कशीट, पहिल्या सत्राचे मार्क, प्रिलिमच्या सगळ्या तपासलेल्या उत्तरपत्रिका, कॉलेज देत नसेल तर विषय शिक्षकांकडून सहीनिशी मार्कांची यादी. प्रॅक्टिकलची जर्नल पूर्ण असेल तर तीही. फिजिक्स-केमिस्ट्रीत ३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात, थिअरी ७० ची, प्रिलिमचे ७९ फक्त थिअरीवरून काढले असतील तर बोर्डाचा अंदाज त्याहून वर जातो, हे सरांना शांतपणे दाखव. बहुतेक लोक हा हिशोब विसरतात.

सरांना "तुम्ही चुकीचं लिहिलं" असं म्हणू नको. म्हण की सर, पत्र नोव्हेंबरचं आहे, त्यानंतर प्रिलिम झाली, विद्यापीठाला ताजी माहिती द्यायची आहे. माणसाला माघार घ्यायला जागा लागते, ती द्यावी. ९४ मागू नको. त्या नागपूरच्या मुलीचे ९४ खरे की खोटे हे तिचं तिला माहीत, आपण फुगवून मागितलं आणि बोर्डात ८० आले तर सशर्त मिळालेली सीट जाते, वरून पुढच्या वर्षी त्याच कॉलेजच्या पत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही. ७८ ते ८२ असं लिहून मागा, एकच आकडा लिहायची सक्ती असेल तर ८०. आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं, खाली चार ओळी लिहून मागा. विद्यार्थिनी मराठी माध्यमातून आली, अकरावीत माध्यम बदललं, तेव्हापासून तिचे मार्क असे असे वाढले, ती रोज इतके किलोमीटर प्रवास करते, घरातली कॉलेजला जाणारी ती दुसरी. यातलं एकही वाक्य सरांना खोटं लिहावं लागणार नाही आणि त्यांची जी भीती आहे ती इथेच संपते. वाचणाऱ्या माणसाला ५६ वरून ७९ चा चढ दिसला ना, की त्याला ६८ आणि ८० मधला फरक आपोआप समजतो. मी अशी पत्रं लिहून पोरांना इंटरव्ह्यूपर्यंत जाताना पाहिलंय.

सर तरीही नाही म्हणाले तर बहिणीनं विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसला स्वतःच्या मेलवरून प्रिलिमची मार्कयादी पाठवावी, फॉर्म नंबर लिहून, दोन परिच्छेदांत. त्यात सरांची तक्रार करू नये, फक्त नवीन मार्क आणि कारण. फिजिक्स किंवा मॅथ्सचे जे शिक्षक तिला ओळखतात त्यांचं वेगळं शिफारसपत्र चालतं का हेही त्याच मेलमध्ये विचारावं, बऱ्याच ठिकाणी चालतं. फॉर्ममध्ये निबंध किंवा "स्वतःबद्दल" असा भाग असतो, तिथे पोरं फार गोड गोड लिहितात, तिनं तसं करू नये. डिस्प्लेसमेंट कळत नव्हतं तिथपासून प्रिलिमपर्यंतचं लिहावं, तिच्या शब्दांत, तू लिहून देऊ नको.

आणि सगळी भिस्त या एका फॉर्मवर ठेवू नका, हे मी फार कळकळीनं सांगते. एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरला नसेल तर आधी तो भरा, त्यात इंजिनिअरिंगसाठी बारावीच्या संबंधित तीन विषयांत मिळून ओपनला ४५ आणि मागासवर्गीयांना ४० टक्के एवढीच अट आहे, बाकी सीईटीचा स्कोअर, म्हणजे तिथे कोणाच्या अंदाजाचा संबंधच नाही. २०२४ च्या जुलैपासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, मिळालेल्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ते लागू नाही, म्हणून तिचं ते खासगी विद्यापीठ स्कॉलरशिपशिवाय मिळालं तर उगाच कर्ज काढून जाऊ नका, आधी मला विचार. तुम्ही एससीत येत असाल तर समाजकल्याणचं वसतिगृह आणि तिथे नंबर नाही लागला तर राहण्या-जेवणाच्या खर्चाची स्वाधार योजना, नागपुरात राहून शिकणाऱ्याला त्यात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. ओबीसी किंवा व्हीजेएनटी असाल तर महाज्योती या सरकारी प्रशिक्षण संस्थेचं ऑफिस नागपुरातच आहे, जाऊन चौकशी करा, पुढच्या भावंडांसाठी तरी उपयोगी पडेल. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, हे कागद आत्ता काढा, जूनमध्ये सेतूवर रांगा लागतात आणि दरवर्षी दोन-तीन पोरं मार्क असून कागदासाठी सीट घालवताना मी पाहते.

बोर्डात खरंच अपेक्षेपेक्षा कमी पडले तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, निकालानंतर मुदत थोडीच असते, पुनर्मूल्यांकनासाठी ती आधी घ्यावीच लागते. श्रेणीसुधारही आहे. तुला २०२१ मध्ये कोणी हे सांगितलं नसेल, तेव्हाही ज्यांना सूत्राचे मार्क मान्य नव्हते त्यांना पुढच्या परीक्षांना बसून सुधारायची सोय होती. पण गावात घरोघरी जाऊन कोण सांगणार, आम्हीही आमच्याच कॉलेजच्या पोरांना सांगितलं, तुमच्यापर्यंत पोचलो नाही. तुझं ग्रॅज्युएशन झालंय असं तू लिहिलंस, तर आता त्या ६४ नं तुझं फारसं काही अडत नाही, एमपीएससीच्या राज्यसेवेला बारावीची टक्केवारी कोणी विचारत नाही, पदवी लागते. तुझा तो सल मनात राहू दे, पण त्याच्यापायी फॉर्म भरणं थांबवू नको.

सोमवारी सकाळी ११ च्या आत पोच. प्रॅक्टिकलचे दिवस आहेत, बाहेरचे परीक्षक आले की सर दिवसभर सापडत नाहीत. जाताना चार ओळींचा मसुदा टाईप करून पेनड्राइव्हमध्ये ने, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, ऑफिसमधल्या बाबूला फक्त कोऱ्या लेटरहेडवर प्रिंट काढावी लागली पाहिजे. मसुदा आधी मला दाखवायचा असेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत पाठव, मी इंग्रजी नीट करून देते.